निष्कर्ष शेवटी वाचा: उपचारावरचा शोधनिबंध समजून घेण्याची पद्धत

२०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर एकच विनवणी फिरत होती: अमुक रक्तगटाचा, कोविडमधून बरा झालेला प्लाझ्मादाता, म्हणजे रक्तातला पेशींविरहित द्रव भाग देणारा, तातडीने हवा. नातेवाईक रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवत होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, याच प्लाझ्माची देशातल्या ३९ रुग्णालयांत चाचणी घेऊन तिचा निकाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला, त्याला तोवर सहा महिने झाले होते. तो निबंध इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येत होता, आणि त्यातला मुख्य तक्ता समजून घ्यायला दहावीच्या गणितापलीकडे काही लागत नव्हते.

घरातल्या कोणाला एखादा उपचार सुचवला गेल्यावर त्यामागचे संशोधन स्वतः पाहू इच्छिणाऱ्या वाचकासाठी, तसेच आरोग्यविषयक बातम्या लिहिणाऱ्यांसाठी आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत लिहीत आहे. तिचा गाभा असा की, निबंधातला निष्कर्ष सर्वांत शेवटी वाचायचा. निष्कर्ष हे लेखकांचे मत असते. पुरावा असतो तो गट कसे पाडले, काय मोजले आणि किती जणांचे काय झाले यात. तो आधी पाहिला की लेखकांचे मत त्याच्याशी जुळते का, हे आपले आपल्याला कळते. क्रम उलटा केला तर निष्कर्ष एकदा मनात बसतो आणि पुढचे सगळे आकडे त्याच्याच बाजूने बोलत आहेत असे वाटू लागते.

निबंध आणि त्याची नोंदणी शोधणे

बातमी, चित्रफीत किंवा औषध कंपनीचे गुळगुळीत पत्रक म्हणजे निबंध नव्हे, म्हणून पहिले काम मूळ निबंध मिळवण्याचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या 'पबमेड' या सूचीत आजाराचे आणि उपचाराचे नाव टाकले की निबंधांचे गोषवारे दिसतात, आणि त्यांपैकी बरेच निबंध 'पबमेड सेंट्रल'वर पूर्ण वाचायला मिळतात. शोधाच्या पानावर बाजूला 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल', म्हणजे चिठ्ठी टाकून गट पाडलेली चाचणी, अशी चाळणी असते. तिच्यावर खूण केली की शेकडो निबंधांतून कामाचे थोडे उरतात.

गोषवाऱ्याच्या तळाशी बहुधा चाचणीचा नोंदणी क्रमांक असतो. भारतातल्या चाचण्यांसाठी तो 'सीटीआरआय' या अक्षरांनी सुरू होतो. आयसीएमआरच्या संस्थेतर्फे चालवली जाणारी ही नोंदवही जुलै २००७ मध्ये उघडली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तीत करणे बंधनकारक झाले. पहिला रुग्ण घेण्याआधीच संशोधकांनी काय मोजणार, किती रुग्ण घेणार आणि कोणाला वगळणार हे तिथे लिहून ठेवायचे असते. तो क्रमांक टाकून नोंद उघडावी आणि 'प्रायमरी आउटकम', म्हणजे मुख्य निष्पत्ती, या रकान्यात काय लिहिले आहे ते टिपून घ्यावे. निबंधात मुख्य निकाल म्हणून वेगळीच गोष्ट मांडलेली दिसली, तर परीक्षा झाल्यावर प्रश्नपत्रिका बदलल्यासारखा प्रकार आहे, हे ओळखून पुढचे सगळे सावधपणे वाचावे. या कामाला पाच मिनिटे लागतात आणि माझ्या मते संपूर्ण वाचनातली ही सर्वांत फायद्याची पाच मिनिटे असतात.

निबंध उघडण्यापूर्वी आपला स्वतःचा प्रश्नही एका ओळीत लिहून ठेवावा: रुग्ण कसा आहे, उपचार कोणता, तो न केल्यास काय करणार, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, आयुष्य वाढणे, वेदना कमी होणे की शस्त्रक्रिया टळणे. ही ओळ शेवटी उपयोगी पडते.

गट कसे पाडले हे पाहणे

आता 'पद्धती' या भागाकडे वळावे. इथे पहिला प्रश्न असा की, कोणाला उपचार मिळायचा आणि कोणाला नाही हे कोणी ठरवले. डॉक्टरांनी ठरवले असेल, तर तब्येतीने बऱ्या असलेल्या रुग्णांनाच तो मिळालेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि मग ते जास्त जगले ते उपचारामुळे की मुळातच धडधाकट होते म्हणून, हे कोणत्याही गणिताने पूर्णपणे सुटत नाही.

याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले आहे. स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला असताना स्तनातली मूळ गाठ काढून काही लाभ होतो का, हा जुना वाद होता. जगभरातल्या रुग्णालयांच्या जुन्या नोंदी चाळून केलेले अनेक अभ्यास सांगत होते की ज्यांची गाठ काढली त्या स्त्रिया अधिक काळ जगल्या. टाटामध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या औषधोपचाराला प्रतिसाद दिलेल्या ३५० स्त्रियांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एका गटात गाठीवर शस्त्रक्रिया व किरणोपचार केले, दुसऱ्यात केले नाहीत. २०१५ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निकाल आला तेव्हा मध्यम आयुर्मान, म्हणजे गटातल्या निम्म्या स्त्रिया ज्याहून अधिक जगल्या तो काळ, शस्त्रक्रियेच्या गटात १९.२ महिने आणि दुसऱ्या गटात २०.५ महिने होते. म्हणजे जुन्या नोंदींत दिसणारा फरक बराचसा निवडीचा होता: ज्यांची प्रकृती बरी आणि आजार कमी पसरलेला, त्यांनाच सर्जन शस्त्रक्रियेसाठी घेत होते.

चिठ्ठीचे सामर्थ्य हे की ती ज्ञात आणि अज्ञात असे सगळेच फरक दोन्ही गटांत सारखे वाटून टाकते. आजकाल चिठ्ठी संगणक काढतो, आणि पुढची चिठ्ठी कोणती निघणार हे रुग्णाला दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरला कळू नये अशी व्यवस्था असावी लागते. चिठ्ठी चालली की नाही, हे निबंधातल्या पहिल्या तक्त्यावरून तपासता येते. तिथे दोन्ही गटांचे वय, मधुमेह, आजाराचा टप्पा वगैरे शेजारी शेजारी दिलेले असते. आकडे जवळपास सारखे दिसायला हवेत.

चिठ्ठी पडल्यानंतर ती मोडू नये, हा दुसरा नियम. ज्याच्या नावावर औषधाची चिठ्ठी निघाली तो औषध मध्येच सोडून गेला, तरी हिशेबात तो औषधाच्याच गटात धरायचा असतो. हे ऐकायला विचित्र वाटते. औषध न घेणाऱ्याला औषधवाल्यांत का मोजायचे, असा प्रश्न प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पडतो. अमेरिकेतल्या 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' या चाचणीने त्याचे उत्तर १९८० मध्ये देऊन ठेवले आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना क्लोफायब्रेट हे औषध दिले होते. ते नियमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १५ टक्के दगावले, तर अनियमित घेणाऱ्यांपैकी २४.६ टक्के. औषध गुणकारी आहे असे वाटावे, तोच प्लासिबोच्या, म्हणजे निव्वळ खोट्या गोळीच्या, गटातले आकडे पाहावेत: गोळी नियमाने घेणाऱ्यांत १५.१ टक्के मृत्यू, अनियमित घेणाऱ्यांत २८.२ टक्के. खोटी गोळी नेमाने घेणारा माणूसही जास्त जगतो, कारण गोळी नेमाने घेणारा माणूस बाकीचे पथ्यपाणीही नेमाने पाळत असावा. म्हणून निबंधात 'इंटेन्शन टु ट्रीट' हे शब्द शोधावेत. ते नसतील आणि 'ज्यांनी उपचार पूर्ण केला त्यांच्यात' असा हिशेब मांडला असेल, तर फायदा फुगवलेला असण्याचा संशय घ्यावा.

चिठ्ठीविना केलेला अभ्यास टाकाऊच, असे मात्र नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीकडून नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि १९९९ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगाची ३९ गावे आणि तुलनेची ४७ गावे चिठ्ठीने निवडलेली नव्हती. पण आधीचा नवजात मृत्युदर दोन्हीकडे जवळपास सारखा होता, हजार जन्मांमागे ६२ आणि ५८. आणि तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत तो २५.५ वर आला, तर तुलनेच्या गावांत ५९.६ च राहिला. आधीची स्थिती मोजलेली, शेजारचा परिसर तुलनेला ठेवलेला आणि फरक इतका मोठा, अशा तिन्ही गोष्टी जमल्या की चिठ्ठी नसतानाही पुराव्याला वजन येते. फरक लहान असता, तर हेच वजन मी दिले नसते.

तुलना कशाशी केली

उपचाराची तुलना काहीच न करण्याशी केली, खोट्या उपचाराशी केली, की आज प्रचलित असलेल्या चांगल्या उपचाराशी केली, यावर निकालाचा अर्थ ठरतो. औषधांच्या बाबतीत खोटी गोळी ही कल्पना आता परिचित आहे. शस्त्रक्रियेच्या बाबतीत खोटी शस्त्रक्रिया ऐकून अजूनही लोक दचकतात. पण दुखणे, दम लागणे, थकवा अशा रुग्णाने स्वतः सांगायच्या गोष्टी मोजायच्या असतील, तर तिच्यावाचून गत्यंतर नसते. २००२ मध्ये अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेच्या १८० रुग्णांवर अशी चाचणी झाली. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतली सफाई केली, काहींच्या फक्त कातडीला छेद देऊन टाके घातले. दोन वर्षे लक्ष ठेवूनही वेदनेत आणि हालचालीत दोन्हींत फरक आढळला नाही.

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवण्याबद्दलची ब्रिटनमधली 'ऑर्बिटा' चाचणी यापुढची पायरी आहे, आणि तिच्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल, कारण आपल्याकडे अँजिओप्लास्टी घरोघरी पोचली आहे. ऑर्बिटात एकाच रक्तवाहिनीत मोठा अडथळा आणि श्रम केल्यावर छातीत दुखणे असलेले २०० रुग्ण होते. झटका येत असलेले रुग्ण त्यात नव्हते, हे आधी लक्षात घ्यावे. सर्वांना आधी सहा आठवडे भरपूर औषधे दिली, मग अर्ध्यांना स्टेंट बसवला आणि अर्ध्यांवर तसाच देखावा केला. स्टेंटच्या गटाची चालपट्ट्यावरची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १६.६ सेकंदांनी जास्त वाढली, जो फरक योगायोगापासून वेगळा काढता येत नव्हता. २०१७ मध्ये हा निकाल आल्यावर 'स्टेंट निरुपयोगी' असे मथळे झाले. त्याच गटाने पुढे दुसरी चाचणी घेतली, या वेळी ३०१ रुग्णांची छातीदुखीची औषधे थांबवून, आणि २०२३ च्या निकालात स्टेंटमुळे छातीतले दुखणे खोट्या प्रक्रियेपेक्षा स्पष्टपणे कमी झाले. दोन्ही निकाल खरे आहेत. पहिल्यात प्रश्न होता औषधांवर आणखी भर पडते का. दुसऱ्यात होता औषधांविना स्टेंटने दुखणे कमी होते का. आपण वर लिहून ठेवलेली ओळ यांपैकी कोणत्या प्रश्नाशी जुळते, हे पाहूनच निबंध निवडावा.

काय मोजले

औषधाने साखर उतरली, गाठ लहान झाली, ईसीजी सुधारला, असे वाचले की मन आनंदते. पण रुग्णाला हवे असते ते जगणे, चालणे-फिरणे आणि कमी त्रास. मधले मोजमाप सुधारले म्हणून शेवटचे सुधारतेच, असे नाही. हृदयरोगात याचा धडा फार महागात शिकावा लागला. झटक्यानंतर हृदयाचे ठोके मध्येच जास्तीचे पडतात आणि ज्यांचे असे ठोके जास्त, त्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त, हे माहीत होते. एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे ते ठोके दाबत होती, म्हणून ती वापरातही आली होती. 'कास्ट' या चाचणीत ज्यांचे ठोके औषधाने खरोखरच दबले अशाच रुग्णांना घेतले आणि त्यांची औषध व प्लासिबो अशी विभागणी केली. १९९१ च्या निबंधातला हिशेब असा: औषधाच्या ७५५ पैकी ६३ मृत्यू, प्लासिबोच्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसे मरत होती.

म्हणून मुख्य निष्पत्ती म्हणून काय निवडले, ते नोंदवहीतून टिपलेल्या मजकुराशी ताडून पाहावे. ती अनेक घटनांची मोट असेल, उदाहरणार्थ 'मृत्यू, झटका किंवा रुग्णालयात दाखल होणे', तर प्रत्येक घटकाचा वेगळा आकडा शोधावा. पुष्कळदा सगळा फायदा सर्वांत किरकोळ घटकातूनच आलेला असतो. कर्करोगाच्या निबंधांत 'आजार न वाढता गेलेला काळ' आणि 'एकूण आयुष्य' या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

टक्के आणि माणसे

इथे कागद-पेन्सिल घ्यावी. 'धोका २५ टक्क्यांनी घटला' हे वाक्य स्वतःहून काहीच सांगत नाही, कारण धोका मुळात किती होता ते त्यात नाही. रक्तदाब १२० च्या खाली ठेवावा की १४० च्या, हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' चाचणीत, २०१५ मध्ये, मधुमेह नसलेल्या ९,३६१ जणांत हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटनांचा धोका २५ टक्क्यांनी कमी झाला. तोच हिशेब माणसांत मांडला तर वर्षाला १०० पैकी २.१९ घटनांच्या जागी १.६५ घटना. वजाबाकी ०.५४. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पहिले मथळ्यात जाते, दुसरे तक्त्यात सापडते.

आता याच्या शेजारी टाटा मेमोरियलमधली तोंडाच्या कर्करोगाची चाचणी ठेवावी. सुरुवातीच्या टप्प्यातला कर्करोग, मानेत गाठ हाताला लागत नाही, अशा वेळी मानेतल्या लसिकाग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की पुढे गाठ आली तरच, असा प्रश्न होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांचा निकाल २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडला: आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. वजाबाकी १२.५. शंभराला १२.५ ने भागले की ८ येतात, म्हणजे आठ जणांच्या ग्रंथी आधीच काढल्या तर तीन वर्षांत त्यांतला एक जास्तीचा वाचतो. हा भागाकार प्रत्येक निबंधात करावा. डॉक्टर त्याला 'एनएनटी' म्हणतात. तो आठ आला तर निर्णय बहुधा सोपा असतो. दोनशे आला तर उपचाराचा खर्च, त्रास आणि रुग्णाची इच्छा यांना अधिक महत्त्व येते.

वजाबाकी कितपत भरवशाची, हे शेजारी कंसात दिलेल्या दोन टोकांवरून कळते. त्याला 'कॉन्फिडन्स इंटरव्हल' म्हणतात आणि खरा परिणाम साधारण या दोन टोकांच्या दरम्यान असावा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. निबंधात बहुधा वजाबाकीऐवजी गुणोत्तर असते, म्हणजे उपचाराच्या गटातल्या धोक्याला दुसऱ्या गटातल्या धोक्याने भागून येणारा आकडा. गुणोत्तर १ म्हणजे फरक नाही. टोके १ च्या दोन्ही बाजूंना पडली तर फायदा की तोटा हे ठरलेले नाही. 'पी'चा आकडा याच गोष्टीची दुसरी बाजू सांगतो: उपचाराचा परिणाम शून्य असता तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती. ०.०५ ही संकेताने ठरलेली रेघ आहे. तिच्या अलीकडे सत्य आणि पलीकडे असत्य, असे काही नाही.

ही रेघ कशी फसवते, ते मुंबईच्याच एका मोठ्या अभ्यासात दिसते. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षे, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या स्तनतपासणीची चाचणी घेतली. चिठ्ठी इथे एकेका स्त्रीच्या नावाची नव्हती, वस्त्यांच्या वीस समूहांची होती. २०२१ मधल्या निकालात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, म्हणजे गुणोत्तर ०.८५, टोके ०.७१ आणि १.०१, पी ०.०७. रेघ पाळणारा म्हणेल, उपयोग नाही. टोके पाहणारा म्हणेल, २९ टक्के फायद्यापासून जवळजवळ शून्यापर्यंत काहीही असू शकते, पण तोट्याकडे कल नाही. मला दुसरे वाचन प्रामाणिक वाटते.

उपगटांचा मोह

त्याच निबंधात पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे दिले आहे, आणि हे विश्लेषण निकाल हाती आल्यावर केलेले आहे, असे लेखकांनी स्वतःच लिहिले आहे. इथे जपून पाऊल टाकावे. रुग्णांचे पुरेसे तुकडे केले की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात काहीतरी चमकतेच. १९८८ मध्ये 'आयसिस-२' या चाचणीत १७,१८७ रुग्णांवर सिद्ध झाले की झटक्यानंतर ॲस्पिरिन दिल्याने मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर येतात. लेखकांनी मग मुद्दाम रुग्णांची राशींप्रमाणे विभागणी करून दाखवली, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, उलट किंचित तोटाच, असे निघाले. पंचांग पाहून ॲस्पिरिन द्यावी, असे त्यांना सुचवायचे नव्हते, हे सांगणे नलगे; तरी आपल्याकडे ते गांभीर्याने घेणारे कोणी निघणारच नाहीत, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

उपगटावर विश्वास ठेवायचा तर तो आधीच ठरवलेला असावा, त्याला शरीरशास्त्रातला आधार असावा आणि फरक ठळक असावा. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीतला डेक्सामेथासोनचा निकाल असा होता. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. प्राणवायू लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर. प्राणवायू न लागणाऱ्यांत मात्र औषध दिलेल्यांचे मृत्यू १७.८ टक्के आणि न दिलेल्यांचे १४ टक्के होते. हा फरक योगायोगाच्या कक्षेत होता, पण फायद्याचा मागमूस नव्हता. श्वासाची गरज किती, यावर गट पाडायचे हे आधीच ठरले होते. तरीही दुसऱ्या लाटेत सौम्य ताप असलेल्यांना घरच्या घरी स्टेरॉइड सुरू केल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी नव्हती, आणि मधुमेह व स्टेरॉइड यांच्या जोडीने काळ्या बुरशीने काय केले ते आपण पाहिले आहे.

तोटे, गळती आणि आपला रुग्ण

दुष्परिणामांचा तक्ता बहुधा निबंधाच्या उत्तरार्धात किंवा पुरवणीत असतो. तो शोधून वाचावा. स्प्रिंटमध्ये रक्तदाब फार उतरणे, भोवळ येणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे हे कडक नियंत्रणाच्या गटात जास्त होते. किती रुग्णांचा पत्ताच लागला नाही, हे रुग्णांच्या प्रवाहाची जी आकृती असते तिच्यात कळते. पत्ता न लागलेले रुग्ण फायद्याच्या वजाबाकीपेक्षा जास्त असतील, तर ती वजाबाकी हवेत आहे असे समजावे. निधी कोणी दिला, हेही पाहावे. कंपनीचा पैसा म्हणून निकाल खोटा ठरत नाही, पण तुलनेसाठी दुबळा उपचार निवडला आहे का, हे अशा वेळी अधिक बारकाईने तपासावे.

मग येतो आपला रुग्ण. कोणाला वगळले, ती यादी 'पद्धती'त असते. ८२ वर्षांची, मूत्रपिंड अधू झालेली आजी त्या यादीत बसत असेल, तर निबंध तिच्याविषयी फारसे सांगत नाही. ठिकाणाचाही विचार करावा लागतो. तापाने फणफणलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांना शिरेतून झटपट पाणी चढवावे, हा जगभरचा शिरस्ता होता. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३,१४१ मुलांवरच्या 'फीस्ट' चाचणीत २०११ मध्ये आढळले की असे पाणी दिलेल्यांत ४८ तासांतले मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते आणि न दिलेल्यांत ७.३ टक्के. त्या रुग्णालयांत अतिदक्षतेच्या सोयी जवळजवळ नव्हत्या. पुण्याच्या सुसज्ज बाल-अतिदक्षता विभागाला हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असे नाही, आणि तालुक्याच्या रुग्णालयाने पाश्चात्त्य अतिदक्षता विभागातला निकाल आंधळेपणाने उचलावा असेही नाही. याउलट टाटामधली तोंडाच्या कर्करोगाची चाचणी तंबाखू खाणाऱ्या आपल्याच लोकांवर झालेली आहे. तिथे हे अंतर उरत नाही.

प्लासिडवर प्रयोग

आता सुरुवातीच्या प्लाझ्माकडे वळू. आयसीएमआरच्या चाचणीचे नाव 'प्लासिड'. मध्यम स्वरूपाचा आजार असलेले ४६४ प्रौढ, एप्रिल ते जुलै २०२० हा काळ. चिठ्ठीने २३५ जणांना नेहमीच्या उपचाराबरोबर चोवीस तासांच्या अंतराने २०० मिलिलिटर प्लाझ्मा दोनदा, २२९ जणांना केवळ नेहमीचा उपचार. खोटा प्लाझ्मा नव्हता, म्हणजे कोणाला काय मिळाले हे सर्वांना माहीत होते. मुख्य निष्पत्ती आजार गंभीर होणे किंवा मृत्यू, २८ दिवसांत. प्लाझ्माच्या गटात ४४ जण, दुसऱ्यात ४१. गुणोत्तर १.०४, टोके ०.७१ आणि १.५४. मोट सोडून फक्त मृत्यू पाहिले तर ३४ आणि ३१.

याच निबंधात दोन गोष्टी प्लाझ्माच्या बाजूच्याही आहेत, आणि 'फरक पडतो' म्हणणाऱ्यांच्या अनुभवाचे मूळ बहुधा तिथेच असावे. सातव्या दिवशी दम आणि थकवा गेल्याचे प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी अधिक जणांनी सांगितले, आणि घशातल्या नमुन्यातून विषाणू नाहीसा होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. पहिले मोजमाप रुग्णाने स्वतः सांगायचे आहे आणि आपल्याला प्लाझ्मा मिळाला हे त्याला ठाऊक आहे. दुसरे कास्टमधल्या ईसीजीच्या जातीचे आहे.

प्लासिडवर एक आक्षेप रास्त होता: बऱ्याच दात्यांच्या प्लाझ्मात प्रतिपिंडांचे, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांचे, प्रमाण कमी होते, तेव्हा कस नसलेल्या प्लाझ्मावरून निवाडा कसा करायचा? त्याचे उत्तर एकाच चाचणीत शोधून मिळत नाही, म्हणून पबमेडवर दुसरी चाचणी पाहावी. रिकव्हरीने प्रतिपिंडे भरपूर असलेलाच प्लाझ्मा निवडून ११,५५८ रुग्णांत तोच प्रश्न तपासला. मे २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या तक्त्यात २८ दिवसांतले मृत्यू प्लाझ्माच्या गटात ५,७९५ पैकी १,३९९ आणि नेहमीच्या उपचाराच्या गटात ५,७६३ पैकी १,४०८ आहेत, म्हणजे दोन्हीकडे २४ टक्के. त्याच महिन्याच्या १७ तारखेला भारताच्या राष्ट्रीय उपचार-सूचनांतून प्लाझ्मा वगळण्यात आला.